आज कोणता नावाल? माया दिनगणनेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात आजही पाळल्या जाणाऱ्या २६० दिवसांच्या माया गणनेवर लेख आला होता. तिथले किचे हे माया लोक तिला चोलकीह म्हणतात, अभ्यासकांच्या लिखाणात ती त्सोल्किन या नावाने येते. १ ते १३ हे आकडे आणि वीस दिवसनावं एकाच वेळी पुढे सरकत राहतात, म्हणून तीच जोडी पुन्हा यायला १३ गुणिले २०, म्हणजे २६० दिवस लागतात. प्रत्येक दिवसाची एक शक्ती मानतात, तिला नावाल म्हणतात. दिवस मोजणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे जाणकार म्हणजे आहकीह. लेखानंतर आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच अंगाने जाणारे होते: रोजच्या जगण्यात याचा आधार घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

एका ॲपवर माझी जन्मतारीख टाकली तर ‘निळा हात’ असं काहीतरी आलं. दुसऱ्या ठिकाणी तीच तारीख टाकली तर वेगळाच दिवस आला. खरं कोणतं?

या दोन गणना मुळातच वेगळ्या आहेत. रंग आणि चिन्ह यांची जोडनावं, ‘गॅलॅक्टिक सिग्नेचर’, २६ जुलैला सुरू होणारं तेरा चंद्रांचं वर्ष असं काही दिसलं, तर ती ‘ड्रीमस्पेल’ पद्धत समजा. अमेरिकी लेखक होसे आर्ग्वेयेस यांनी १९९०च्या सुमारास ती मांडली. तिच्यात २९ फेब्रुवारी मोजतच नाहीत. माया गणनेत मात्र एकही दिवस गाळलेला चालत नाही. सूर्य उगवला की दिवस मोजायचा, मग लीप वर्ष असो वा नसो. त्यामुळे ड्रीमस्पेल आणि ग्वाटेमालातली जिवंत गणना यांच्यात आधीच असलेलं अंतर दर चार वर्षांनी आणखी एका दिवसाने बदलतं.

ड्रीमस्पेलमधून कुणाला समाधान मिळत असेल तर त्याला आमची हरकत नाही. पण ती माया लोकांची दिनगणना म्हणून दिली जाते, ते चुकीचं आहे. ग्वाटेमालातल्या मोमोस्तेनांगो गावचा आहकीह ज्या दिवशी ८ बात्स म्हणून डोंगरावर धूप जाळतो, त्या दिवशी ते ॲप भलताच दिवस दाखवतं. कोणतंही ॲप तपासायचं असेल तर त्यात २१ डिसेंबर २०१२ ही तारीख टाका. उत्तर ४ आहपू, म्हणजेच मेक्सिकोतल्या युकातानकडच्या नावाने ४ आहाव, आलं पाहिजे. दुसरी खूण २९ फेब्रुवारीची: त्या तारखेला स्वतंत्र दिवस दाखवत नसेल तर ते ॲप बाजूला ठेवा.

ॲपशिवाय, कागद-पेनावर दिवस काढता येतो का?

येतो, आणि निदान एकदा तरी काढावाच. हाताने मोजलं की गणनेची चाल अंगात भिनते.

आधी वीस नावं क्रमाने पाहू: १ इमोश, २ इक, ३ आकाबाल, ४ कात, ५ कान, ६ कामे, ७ केह, ८ कानील, ९ तोह, १० त्सी, ११ बात्स, १२ ए, १३ आह, १४ ईश, १५ त्सिकिन, १६ आहमाक, १७ नोह, १८ तिहाश, १९ कावोक, २० आहपू. हे क्रमांक फक्त आपल्या हिशेबासाठी. गोल फिरणाऱ्या गणनेला असा पहिला दिवस नसतो, आणि किचे प्रदेशात यादी बहुधा बात्सपासून म्हणतात. पुस्तकांत इमिश, चिकचान, मुलुक, आहाव अशी नावं दिसली तर गोंधळू नका. ती युकातानकडची रूपं आहेत, दिवस तेच.

आता आधाराची तारीख. १ जानेवारी १९५० या दिवशी १ आहपू होता, आणि हिशेबाला ही तारीख फार सोयीची पडते. तुमच्या तारखेपर्यंत किती दिवस उलटले ते काढा. त्या संख्येला १३ने भागून जी बाकी उरेल तिच्यात १ मिळवा, तो दिवसाचा आकडा. त्याच मूळ संख्येला २०ने भागून जी बाकी उरेल, तो वरच्या यादीतला क्रमांक. बाकी शून्य आली तर आहपू.

उदाहरणार्थ, २५ सप्टेंबर १९८८ घ्या. १९५० ते १९८७ ही ३८ वर्षं, ३८ गुणिले ३६५ म्हणजे १३,८७०. त्यात १९५२ ते १९८४ मधले नऊ लीप दिवस मिळवले की १३,८७९. १९८८ हेही लीप वर्ष, त्यामुळे २५ सप्टेंबर हा त्या वर्षाचा २६९वा दिवस. म्हणजे १ जानेवारीनंतर २६८ दिवस उलटले. एकूण १४,१४७. तेराने भागून बाकी ३, अधिक १ म्हणजे ४. विसाने भागून बाकी ७, म्हणजे केह. त्या दिवशी ४ केह होता.

चुका बहुतेक दोनच ठिकाणी होतात. पहिली म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरणं. त्याने उत्तर एक दिवस पुढे जातं. दुसरी म्हणजे जन्म लीप वर्षातला, फेब्रुवारीनंतरचा असून २९ तारीख विसरणं. पडताळ्यासाठी २१ डिसेंबर २०१२ हीच तारीख घ्या. १ जानेवारी १९५० पासून तिथपर्यंत बरोबर २३,००० दिवस होतात. तेराने भागून बाकी ३, म्हणून आकडा ४. विसाने भागून बाकी शून्य, म्हणून आहपू. तुमची पद्धत तिथे जुळली की इतरत्रही जुळेल. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये दोन तारखांची वजाबाकी केली तरी हीच संख्या मिळते.

एकदा आजचा दिवस सापडला की पुढे रोज भागाकार करायची गरज नाही. वार आणि तारीख जशी आपापल्या गतीने पुढे जातात, तसे आकडा आणि नाव पुढे जातात. १३ नंतर १, आहपूनंतर इमोश. तेच नाव वीस दिवसांनी परत येतं तेव्हा आकडा सातने वाढलेला असतो, आणि १३ च्या वर गेला तर त्यातून १३ वजा करायचे. आज ४ केह असेल तर वीस दिवसांनी ११ केह, चाळीस दिवसांनी ५ केह.

दिवस कळला. पण त्यातून मार्गदर्शन कसं घ्यायचं? मला रोज सकाळी काहीतरी ठोस हवं आहे.

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पत्रांमधला एक गैरसमज आधी दूर करू. ‘आज मला काय मिळेल’ हे सांगण्यासाठी ही गणना नाही. आहकीह दिवसाचं नाव घेतो तेव्हा तो त्या दिवसाला नमस्कार करतो, त्याचे आभार मानतो आणि त्या दिवसाच्या अखत्यारीतलं काम पुढे ठेवतो. प्रत्येक दिवसाकडे जगण्याचं एकेक खातं आहे. रस्ता, घर, जमीन, पैसा, पूर्वज, देणी, न्याय. आज कोणतं खातं उघडलं आहे आणि त्यात माझं काय बाकी आहे, हे सकाळी पाहायचं.

सलग काही दिवस घेऊन बघू. २२ जून २०२६ रोजी ८ बात्स आहे. बात्सकडे धागा, विणकाम, काळाचा ओघ, नव्या कामाचा आरंभ. सुरू करायचं ठरवून लांबणीवर टाकलेलं काम या दिवशी हातात घ्यावं आणि त्याचा पहिला टाका प्रत्यक्ष घालावा, नुसती यादी करून थांबू नये. दुसऱ्या दिवशी ९ ए. ए म्हणजे वाट. प्रवास, व्यापारी, पायाखालचा रस्ता हे त्याचं क्षेत्र. काल सुरू केलेलं काम कोणत्या वाटेने जाणार, कुणाला भेटावं लागणार, हे आज ठरतं. मग १० आह, घराचा आणि मुलांचा दिवस. घरातली देवाची जागा या दिवशी झाडून-पुसून घेतात, मुलांसाठी मागणं मागतात. ११ ईशला जमिनीचे आभार. आपण खातो ते कुठून आलं याची आठवण, आणि शक्य असेल तर मातीत हात घालून केलेलं काहीतरी. १२ त्सिकिन हा पैसा आणि व्यवहार मागण्याचा दिवस. इथे बहुतेक जण फक्त मागतात. पण याच्या लगेच पुढे १३ आहमाक येतो, तो क्षमेचा आणि मृतांचा दिवस, आणि आकडाही सर्वांत जड. मागणं आणि माफी असे पाठोपाठ येतात, म्हणून त्सिकिनला पैशाची मागणी करताना पैशापायी कुणाला दुखावलं असेल त्याची नोंद करून ठेवा. ती दुसऱ्या दिवशी लागते. आहमाकला त्या माणसाला फोन करणं ही आमच्या मते त्या दिवसाची सर्वांत चोख पूजा आहे. नंतर १ नोह: विचार, सल्लामसलत, निर्णय. आकडा हलका, म्हणून विचार करायला चांगला, अंमलबजावणी थोडी थांबू द्या. २ तिहाश म्हणजे धारेचा दगड, ऑब्सिडियनची सुरी. कापणं, तोडणं, दुखणं काढून टाकणं. नको असलेली सवय, संपलेला व्यवहार, रखडलेला वाद इथे संपवावा. ३ कावोकला कुटुंब आणि शेजार, सुईणींचाही हा दिवस. ४ आहपूला घराण्याचे पूर्वज आणि सूर्य.

उरलेले थोडक्यात. इमोश हा पाण्याचा आणि मनाच्या भोवऱ्याचा दिवस, मोठे निर्णय टाळलेले बरे. इकला वारा, श्वास, राग. आकाबालला पहाट आणि संध्याकाळ, लग्नाची बोलणी. कात म्हणजे जाळं: गुंता, कर्ज, अडकलेली कामं. कानला शरीराची ताकद आणि न्याय. कामेबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे. केहला चार दिशा, जंगल, अधिकार आणि आधार. कानील म्हणजे बी, पेरणी आणि पिकणं. तोहला देणं फेडणं, अग्नीला अर्पण. त्सीला कायदा, निवाडा, कागदपत्रं.

आकडा दिवसाचा जोर सांगतो. १, २, ३ हे सौम्य. ७, ८, ९ समतोल, म्हणून बरेचसे विधी याच आकड्यांवर येतात. ११, १२, १३ हे फार जोरकस. तोह आधीच देण्याचा दिवस, त्यात १३ तोह असेल तर थकलेलं देणं दारात येऊन उभं राहील असं समजून वागावं.

वहीची पद्धत सोपी ठेवा. सकाळी दिवसाचा आकडा आणि नाव लिहा, खाली त्या खात्यातलं एकच बाकी काम लिहा. रात्री ते झालं की नाही, आणि दिवसात ठळक काय घडलं, ते दोन ओळींत लिहा. स्वप्न आठवलं तर तेही. पूर्ण २६० दिवस झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका, कारण वीस दिवसांच्या एका फेरीत प्रत्येक नाव एकदाच आणि एकाच आकड्यासोबत भेटतं. बहुतेक वह्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बंद पडतात, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: रोज पानभर लिहिण्याचा हट्ट.

माझ्या नातवाचा जन्म कामेवर आहे. हा मृत्यूचा दिवस आहे असं वाचलं. त्याच्यासाठी काही शांती करावी लागेल का?

नाही. मनातली भीती काढून टाका. कामेचा संबंध मृत्यूशी आहे, पण किचे परंपरेत मृत्यू म्हणजे पूर्वजांशी जोडणारं दार. या दिवशी जन्मलेल्या माणसाला पूर्वजांचा पाठिंबा आहे असं मानतात. समेट घडवून आणण्यासाठी हा दिवस निवडतात. ‘पोपोल वूह’ या किचे ग्रंथात पाताळाच्या अधिपतींची नावं हुन कामे आणि वुकुब कामे, म्हणजे १ कामे आणि ७ कामे अशी आहेत, आणि त्यांना हरवणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकाचं नाव हुनाहपू, म्हणजे १ आहपू. त्या कथेमुळे कामेला भीतीची छटा आली. पण या गणनेत सरसकट शुभ किंवा सरसकट अशुभ असा दिवस नाही. प्रत्येकात दोन्ही बाजू आहेत, आणि कोणती वर येईल ते आकड्यावर, माणसावर आणि प्रश्नावर ठरतं. पैसे उकळण्यासाठी ‘अशुभ जन्मदिवस’ सांगून विधी करायला लावणारा कुणी भेटला तर तिथून निघून यावं.

घरी अग्नी-विधी करता येईल का? साहित्य काय लागतं?

पूर्ण अग्नी-विधी आहकीहशिवाय करू नये. तो कसा असतो ते सांगतो, म्हणजे कारण कळेल.

जमिनीवर साखरेने वर्तुळ आखतात, त्यात आडवी-उभी रेघ काढून चार दिशा ठरवतात. पूर्वेला लाल, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी मेणबत्ती, मधे आकाश आणि धरतीसाठी निळी आणि हिरवी. त्यावर पोम, म्हणजे कोपाल वृक्षाच्या डिंकाचे गोळे किंवा चकत्या, आणि राळेने भरलेल्या पाइनच्या काड्या, ज्यांना ओकोते म्हणतात. पेटल्यावर वीसही नावालांना क्रमाने, प्रत्येकाला १ ते १३ मोजत हाक मारतात, म्हणजे पूर्ण फेरीत २६० हाका होतात. मधे मधे तीळ, मध, चॉकलेट, मेणबत्त्या अर्पण होतात. ज्वाला कुठे झुकते, भोवरा घेते का, कोणत्या नावाशी उसळते, यावरून आहकीह उत्तर वाचतो. आग पाणी ओतून विझवत नाहीत, शेवटचा निखारा निवेपर्यंत कुणीतरी बसून राहतं. मोजणीत नाव गाळलं, विधी अर्धवट सोडला, किंवा वाचताच न येणारी आग पेटवली, तर उघडलेलं संभाषण तसंच टाकून उठल्यासारखं होतं. म्हणून तो अधिकाराचा विषय आहे.

घरी एक मेणबत्ती आणि पाण्याचा पेला पुरतो. दिवसाचं नाव घ्या, आभार माना, त्या दिवसाचं काम बोलून ठेवा. धूप हवाच असेल तर आधी खिडकी उघडा. कोळशाची वडी पेटवून ती सगळीकडून राखाडी होईपर्यंत थांबा, मग वाटाण्याएवढाच पोमचा तुकडा ठेवा. काळा, घशात जाणारा धूर आला तर समजा की वडी अजून पुरती पेटलेली नाही किंवा तुकडा मोठा आहे. कोळशावर राखेचा पातळ थर पसरला की डिंक जळण्याऐवजी हळूहळू वितळतो आणि खरा सुगंध तेव्हा येतो. दमा असलेलं कुणी घरात असेल तर धूप वगळा.

तसिते बिया ऑनलाइन मिळतात. त्या घेऊन स्वतःचे प्रश्न सोडवता येतील का?

तसिते म्हणजे एरिथ्रिना जातीच्या झाडाच्या लाल, कडक बिया. आपला पांगारा याच कुळातला. आधी सावधगिरी: या बिया विषारी आहेत, लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवा.

आहकीहच्या थैलीत या बिया आणि काही स्फटिक असतात. प्रश्न विचारल्यावर तो मूठभर बिया उचलतो, त्यांचे चार-चारचे ढीग करून ओळीत मांडतो आणि शेवटी किती उरल्या ते पाहतो. मग ठरलेल्या दिवसापासून, उदाहरणार्थ आजच्या किंवा दुखणं सुरू झालं त्या दिवसापासून, एका ढिगाला एक दिवस धरून नावं म्हणत जातो. मोजणी जिथे संपते तो दिवस उत्तरात बोलतो. एका मांडणीवर तो थांबत नाही, पुन्हा मूठ घेतो आणि उत्तरं एकमेकांशी ताडून पाहतो.

इथवर कुणालाही शिकता येईल. अवघड भाग पुढचा. मोजता मोजता आहकीहच्या शरीरात झिणझिण्या, हलकी उसळी जाणवते, तिला रक्तातली वीज, कोयोपा म्हणतात. ती उजवीकडे आली की डावीकडे, कोणत्या नावावर आली, हे धरून अर्थ लागतो. हे ओळखायला प्रशिक्षण लागतं. मोमोस्तेनांगोत शिष्याला गणनेच्या एका पूर्ण फेरीत घडवतात, तो ठरलेल्या आकड्यांच्या दिवशी ठरलेल्या देवस्थानी जातो: १ च्या दिवशी ‘पाहा’ या जागी, ८ च्या दिवशी ‘चुती साबाल’ इथे, ९ च्या दिवशी ‘नीमा साबाल’ इथे. मग ८ बात्सला त्याची दीक्षा होते. बिया विकत मिळतात, हा अधिकार विकत मिळत नाही. ‘पोपोल वूह’मध्येही श्पियाकोक आणि श्मुकाने हे आदिम जाणते लाकडाची माणसं घडवण्याआधी तसिते आणि मक्याचे दाणे टाकून कौल घेतात. कौल अनुकूल येतो, तरी ती माणसं आपल्या निर्मात्यांना विसरतात आणि नष्ट होतात. कौल मिळाला म्हणजे काम झालं, असं त्या ग्रंथालाही वाटत नाही.

८ बात्स म्हणजे माया नववर्ष का?

त्याला तसं म्हणायची पद्धत पडली आहे, पण ते अर्धसत्य आहे. वाहशाकीब बात्स, म्हणजेच ८ बात्स, हा २६० दिवसांच्या गणनेतला मोठा सण. नवे आहकीह याच दिवशी दीक्षा घेतात, आणि मोमोस्तेनांगोच्या टेकड्यांवर पहाटेपासून धूर दिसतो. २०२६ मध्ये तो २२ जूनला, त्यानंतर २६० दिवसांनी ९ मार्च २०२७ ला आणि मग २४ नोव्हेंबर २०२७ ला. म्हणजे एका इंग्रजी वर्षात तो दोनदाही येऊ शकतो.

३६५ दिवसांचं वर्ष वेगळं. वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी पाच दिवस. त्या पाच दिवसांत लोक जपून वागतात, नवं काम सुरू करत नाहीत. त्या वर्षाचा धनी, म्हणजे माम, किचे गणनेत इक, केह, ए आणि नोह या चारांपैकीच असतो, आणि दर वर्षी आकडा एकाने वाढतो. सध्या हे वर्ष फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बदलतं. १८ फेब्रुवारी २०२५ ला १३ इक आला, १८ फेब्रुवारी २०२६ ला १ केह. दोन्ही गणना पुन्हा एकाच जागी यायला ५२ वर्षं लागतात.

२६० हा आकडा गर्भारपणावरून आला का?

किचे सुईणी तसंच मानतात आणि पाळी चुकल्यापासून एक फेरी मोजतात. हाताच्या आणि पायाच्या मिळून वीस बोटांचा संबंधही जुना. बाळंतपणाची तारीख मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावी.

आपण माया नाही. ही गणना पाळणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं नाही का?

या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. दिवसाला ओळखणं, त्याचे आभार मानणं याला आहकीहांची सहसा ना नसते. पण स्वतःला आहकीह म्हणवणं, विधींचे कार्यक्रम भरवणं, शुल्क घेऊन नावाल सांगणं हे करू नये.

या गणनेसाठी लोकांनी काय सोसलं ते माहीत असावं. १२ जुलै १५६२ रोजी युकातानमधल्या मानी इथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. अशा विध्वंसातून जगात फक्त चार पोथ्या वाचल्या. ग्वाटेमालातल्या १९६० ते १९९६ च्या सशस्त्र संघर्षात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि सत्यशोधन आयोगाच्या १९९९ च्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. माया अध्यात्माला आणि त्याच्या मार्गदर्शकांना मान्यता देणारा करार मार्च १९९५ मध्ये झाला. तरीही जून २०२० मध्ये पेतेन प्रांतात दोमिंगो चोक या केक्ची माया मार्गदर्शक आणि औषधी वनस्पतींच्या जाणकाराला जादूटोण्याचा आळ घेऊन जाळून मारण्यात आलं.

दुसरीकडे, ही गणना तुटलेली नाही. पेतेनमधल्या सान बार्तोलो इथे भित्तिचित्राच्या तुकड्यांवर ‘७ हरीण’, म्हणजे ७ केह, हा दिवस सापडला आहे. तो इसवी सनापूर्वी ३०० ते २०० या काळातला, म्हणजे बावीसशे वर्षांहून जुना. तीच जोडी आजही २६० दिवसांनी येते. ७ केहला वहीत हे लिहून ठेवा. आणि शिकायला पैसे खर्च करायचे असतील तर ते ग्वाटेमालातल्या माया शिक्षकांपर्यंत आणि संस्थांपर्यंत पोचतील असं पाहा.

जन्म मध्यरात्रीच्या आसपासचा असेल तर दिवस कोणता धरायचा? आणि मी ग्वाटेमालाबाहेर आहे, तर तारीख कुठली धरू?

जन्मदिवसासाठी जन्म जिथे झाला तिथली तारीख धरा, ग्वाटेमालाच्या वेळेत बदलू नका. रोजच्या वहीसाठी तुम्ही आहात तिथली तारीख. ग्वाटेमालातल्या एखाद्या विधीच्या वेळी मनाने सामील व्हायचं असेल तेव्हाच तिथली वेळ पाहा, ती ग्रिनिचच्या सहा तास मागे आहे आणि वर्षभर बदलत नाही. जन्म मध्यरात्रीच्या आसपासचा असेल तर दोन्ही दिवस लिहून ठेवा आणि पुढे आहकीहला भेटाल तेव्हा दोन्ही सांगा, जन्माच्या वेळेसकट. वहीत मधले काही दिवस राहून गेले तर ते मागाहून भरायला बसू नका. आजची तारीख घ्या, हिशेब करा आणि आजच्या नावापासून लिहायला लागा.